सायकलस्वार आणि कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धुऱ्याचे भांडण, भावाभावांतील वाटणी, आजोबांनी दाखल केलेला आणि नातवाच्या काळात निकाली निघालेला दावा, हे ज्याने घरात पाहिले असेल त्याला या म्हणीतील शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. परंतु एका जागी लागू पडणारी म्हण दुसऱ्या जागी नुकसान करते. मोटारीची धडक बसून सायकलस्वार जखमी झाला की गावातील चार वडीलधारी माणसे हीच म्हण उच्चारतात, मोटारवाल्याकडून दवाखान्याचे काही पैसे देववतात आणि प्रकरण मिटवतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण त्या मिटवण्यात जखमी माणसाने काय गमावले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. प्रस्तुत लेखात तो हिशेब मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

मी कायद्याचा विद्यार्थी नाही. बी. ए.ला राज्यशास्त्र घेतले, एवढाच माझा कायद्याशी संबंध. परंतु २०२३ सालच्या डिसेंबरात माझ्या मामांना अंजनगाव रस्त्यावर एका मोटारीची धडक बसली आणि तेव्हापासून पोलीस ठाणे, दवाखाना, वकिलांची खोली आणि अमरावतीचे न्यायालय अशा वाऱ्या मामांबरोबर मी करीत आहे. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते आपल्या सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

आपले रस्ते, आपल्या सायकली

दर्यापूर हे चहूकडून रस्ते येऊन मिळणारे गाव आहे. अमरावती, अकोट, अंजनगाव, मूर्तिजापूर अशा चारही दिशांना येथून वाहने धावतात. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणारी आपली शकुंतला गाडी बंद पडली, तेव्हापासून तिचे प्रवासीही याच रस्त्यांवर आले. रस्ते रुंद झाले, मोटारींचा वेग वाढला. परंतु रस्त्याच्या कडेने जाणारा माणूस पुष्कळसा तोच राहिला. पहाटे दुधाच्या कॅना लटकवून येणारा गवळी, थापी आणि ओळंबा पिशवीत घालून कामावर निघालेला मिस्त्री, आसपासच्या खेड्यांतून शाळेत येणाऱ्या मुली, हे सर्व सायकलवरच आहेत. सायकलला ना पत्रा आहे, ना काच. धडक बसली की ती थेट माणसाच्या हाडाला लागते.

आणि ज्याचे हाड मोडते त्याचे पोटही बहुधा त्या हाडावरच अवलंबून असते. मामा गवंडीकाम करतात. मांडीचे हाड मोडले, आत सळई घातली, हाड जुळले. चालता येते. पण परांचीवर चढता येत नाही, आणि परांचीवर न चढणाऱ्या मिस्त्रीला पूर्ण मजुरी कोण देणार? म्हणून नुकसानभरपाईचा प्रश्न हा दवाखान्याच्या बिलाचा प्रश्न नाही. पुढल्या वीस वर्षांच्या मजुरीचा तो प्रश्न आहे.

पैसे देतो कोण?

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. आपल्याला वाटते, भरपाई मागणे म्हणजे मोटारवाल्याच्या घरावर नांगर फिरवणे. मोटारवाला गावातलाच असला, ओळखीचा असला, तर "जाऊ द्या, त्याचंही लेकरूबाळ आहे" असा विचार मनात येतो. वस्तुतः विमा उतरवल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने मनाई केलेली आहे. हा विमा मोटारवाल्याच्या गाडीसाठी नसून तिसऱ्या माणसासाठी आहे. विमा कंपनी ही एक बाजू, मोटारमालक ही दुसरी, आणि रस्त्यावरून जाणारा सायकलस्वार हा तो तिसरा, म्हणजे त्रयस्थ पक्ष. मालकाने दरसाल हप्ता भरला तो या त्रयस्थाला इजा झाल्यास भरपाई मिळावी म्हणूनच. सायकलस्वाराने स्वतः कोणताही विमा काढलेला असण्याची गरज नाही.

तेव्हा न्यायाधिकरण जी रक्कम ठरवते ती विमा असल्यास विमा कंपनी भरते. मालकाने विमा उतरवला नसेल तर मात्र ती त्याच्याच डोक्यावर येते. चालकाकडे परवाना नव्हता, यांसारख्या कारणाने कंपनी आपले अंग काढून घेऊ पाहते. अशा वेळी कंपनीने आधी जखमीला रक्कम द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असा आदेश देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात सांगितलेले आहे. मालक आणि कंपनी यांच्या भांडणात जखमी माणूस भरडला जाऊ नये, हा त्यामागील विचार.

याच्या उलट, दवाखान्याच्या व्हरांड्यात होणारी तडजोड पाहावी. मामांचे ऑपरेशन चालू असतानाच मोटारमालकाकडील दोघे वीस हजार रुपये आणि एक लिहिलेला स्टॅम्पपेपर घेऊन आले. "बाई, कोर्टकचेरीच्या भानगडीत कायले पडता? यावर सही करा, दवाखान्याचं आमी पाहून घेतो," असे ते मामीला म्हणाले. मामीने उत्तर दिले, "ते अजून आतच हायेत. बाहेर आले म्हंजे सहीचं त्याइलेच पुसा." तिला कायदा ठाऊक नव्हता, पण सही करण्याची वेळ ही नव्हे, एवढे तिला नक्की ठाऊक होते. त्या कागदात 'सायकलस्वार अचानक आडवा आल्याने अपघात झाला, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' असे वाक्य होते. असल्या कागदाने दाव्याचा हक्क पूर्णपणे बुडतोच असे नाही. परंतु पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधीशांपुढे ठेवतो. गंमत अशी की, मोटारमालकालाही असली तडजोड परवडणारी नसते. कंपनीच्या लेखी संमतीवाचून कबुली देऊ नये, पैसे देऊ नयेत, अशी अट विम्याच्या करारात सर्रास असते.

कायदा कसा घडत गेला

आज जो हक्क आपल्याला तयार मिळतो तो एका दिवसात मिळालेला नाही. मोटारी नव्या होत्या त्या काळी अपघातग्रस्ताला साधा दिवाणी दावा लावावा लागे. कोर्ट फीचा बोजा आणि वर्षानुवर्षांच्या तारखा, यांमुळे गरिबाने त्या वाटेला जाऊच नये अशी स्थिती होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या विम्याची सक्ती केली आणि १९५६ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली.

तरी एक अडचण उरलीच. चालकाची चूक होती हे जखमीने सिद्ध करावे लागे. मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात १९७७ साली असा निर्णय झाला की, चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय मालकावर किंवा विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही. पण निर्जन रस्त्यावर पडलेल्या सायकलस्वाराने साक्षीदार कोठून आणावा? या प्रश्नाला उत्तर म्हणून १९८२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि कोणाची चूक हे न पाहता ठराविक रक्कम देण्याची तरतूद आली. मृत्यूसाठी पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार, अशा त्या रकमा होत्या.

या तरतुदीचा अर्थ किती व्यापक घ्यायचा हे महाराष्ट्रातीलच एका दुर्घटनेवरून ठरले. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यात पेट्रोलचा एक टँकर ट्रकशी धडकून उलटला. पेट्रोल गळू लागले. सुमारे चार तासांनी स्फोट झाला आणि जमलेल्या लोकांपैकी अनेकजण भाजून मृत्युमुखी पडले. टँकर तर उलटून पडलेला होता, मग हा 'मोटारीच्या वापरातून' झालेला अपघात कसा, असा आक्षेप घेण्यात आला आणि न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचे म्हणणे कायम केले. हा कायदा पीडितांच्या उपयोगासाठी आहे, त्याच्या शब्दांचा अर्थ कोता करू नये, अशी दिशा त्या निकालाने दिली.

पुढे १९८८ चा नवा कायदा आला, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि तिचा भरपाईविषयक भाग १ एप्रिल २०२२ पासून अमलात आला. तेव्हापासून कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि जबर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत जबर दुखापतच होय. चालकाची चूक दाखवता येत असेल आणि नुकसान याहून मोठे असेल, तर कलम १६६ खाली पूर्ण भरपाई मागावी. मात्र कलम १६४ ची ठराविक रक्कम कंपनीकडून एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील दावा संपतो. म्हणून पहिल्या धनादेशावर हात ठेवण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

इतर देशांनीही या प्रश्नाचा विचार केला आहे. न्यूझीलंडने १९७४ पासून अपघातात कोणाची चूक हा प्रश्नच बाजूला ठेवून शासकीय योजनेतून भरपाई देण्यास सुरुवात केली. सायकलींचा देश म्हणून प्रसिद्ध असलेल्या नेदरलँड्समध्ये मोटार आणि सायकल यांच्या टकरीत जबाबदारीचा मोठा भार मोटारीवर टाकलेला आहे. जखमी सायकलस्वार चौदा वर्षांखालील असेल तर जवळजवळ संपूर्णच. जड आणि वेगवान वाहन चालवणाऱ्याने अधिक जबाबदारी उचलावी, हे तत्त्व आपल्यालाही पटण्यासारखे आहे.

पहिले काही दिवस आणि कागद

वकिलांच्या खोलीत बसून मी एक गोष्ट शिकलो. दावा दाखल होतो सहा महिन्यांत, पण त्याचे भवितव्य पहिल्या आठवड्यातच ठरते. म्हणून क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट दवाखान्याची. जखमीला नेल्याबरोबर डॉक्टर 'कसे लागले' हे विचारून लिहून घेतात. गोंधळात कोणीतरी "सायकलवरून पडला" असे सांगतो आणि ते तसेच केसपेपरवर उतरते. पुढे दोन वर्षांनी तेच वाक्य विमा कंपनीच्या उपयोगी पडते. 'मोटारीने धडक दिली' हे पहिल्याच कागदावर यावे. गाडीचा नंबर ठाऊक असेल तर तोही सांगावा. अपघातानंतरच्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळावेत, अशी केंद्र सरकारची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली आहे. दवाखाना त्या योजनेत आहे काय, याची विचारणा अवश्य करावी.

दुसरी गोष्ट पोलीस ठाण्याची. ठाणेदारांकडे लगेच खबर द्यावी. प्रथम खबर अहवालाची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते, तो त्याचा हक्क आहे. त्याखेरीज घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांची बयाणे, मोटारीचे नोंदणी-पुस्तक, विमापत्र आणि चालकाचा परवाना यांच्या नकला लागतात. २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. या अहवालालाच दावा-अर्ज मानता येते. तरी त्यावर विसंबून स्वस्थ बसू नये.

तिसरी गोष्ट घरातली. औषधांची बिले जखमीच्या नावाने घ्यावीत. क्ष-किरणांचे फोटो, डिस्चार्ज कार्ड, अमरावतीला जाण्यायेण्याचे भाडे, सर्व एका पिशवीत ठेवावे. मोडलेली सायकल भंगारात घालू नये. तिचे फोटो काढावेत. आमच्या मामीने दवाखान्याचा प्रत्येक कागद गव्हाच्या कोठीवरील पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. वकील साहेबांनी ती पेटी उघडून पाहिली आणि म्हणाले, "अर्धं काम तुम्हीच केलं, बाई."

चौथी गोष्ट उत्पन्नाच्या पुराव्याची, आणि येथेच आपली माणसे कमी पडतात. नोकरदाराजवळ पगारपत्रक असते. मिस्त्रीजवळ काय असणार? दूधवाल्याने डेअरीचे पुस्तक, शेतकऱ्याने सातबारा आणि कापूस विकल्याच्या पावत्या, मजुराने बँकेचे पासबुक आणि ज्याच्याकडे काम केले त्याची साक्ष पुढे करावी. काहीच नसले तरी दावा बुडत नाही. न्यायाधिकरण किमान वेतनासारखा आधार घेऊन उत्पन्नाचा अंदाज करते. पण अंदाज नेहमी खालच्या बाजूला झुकतो, हे लक्षात ठेवावे. घरकाम करणाऱ्या स्त्रीला 'उत्पन्न नाही' असे म्हणून चालत नाही. तिच्या कामाला पैशातील मोल आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत, अलीकडे जानेवारी २०२१ मध्येही, स्पष्ट केले आहे.

दावा कोठे आणि केव्हा

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. अपघात जेथे झाला तेथे, किंवा दावा करणारा जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे तो दाखल करता येतो. म्हणजे दर्यापूरच्या माणसाचा अपघात नागपूरला झाला तरी त्याने नागपूरच्या खेपा घालण्याचे कारण नाही.

मुदतीबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. पूर्वी मुदतीचे बंधन काढून टाकलेले होते. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची अट पुन्हा आली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. परंतु आव्हानाचे काय होते याची वाट न पाहता सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकणे हेच शहाणपणाचे.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. चालकावर भारतीय न्याय संहितेखाली जो खटला चालतो तेथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात 'असे घडले असण्याचा संभव अधिक' एवढे दाखवले तरी पुरते. त्यामुळे चालक खटल्यातून सुटला, आता आपला दावा गेला, असे समजून निराश होऊ नये.

आकडा कसा निघतो

भरपाईची रक्कम न्यायाधीशांच्या मर्जीवर ठरते, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तिचे एक गणित आहे, आणि ते आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही सोडवता येते.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणक ठरवून दिले. वय २१ ते २५ असेल तर १८, ३६ ते ४० असेल तर १५, ५१ ते ५५ असेल तर ११, आणि ६५ च्या पुढे ५. वार्षिक नुकसानीला या गुणकाने गुणायचे. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने त्यात भविष्यातील वाढीची भर घालण्याचे प्रमाण ठरवले. स्वतःचा धंदा किंवा मजुरी करणारा चाळिशीच्या आतील असेल तर उत्पन्नात ४० टक्के, ४० ते ५० या वयात २५ टक्के, ५० ते ६० मध्ये १० टक्के मिळवायचे. २०२० साली ही वाढ कायमचे अपंगत्व आलेल्या जखमीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

उदाहरण घेऊ. ३८ वर्षांचा एक कारागीर महिना १२,००० रुपये मिळवतो. वर्षाचे झाले १,४४,०००. त्यात ४० टक्के वाढ मिळवली की २,०१,६००. अपघातामुळे त्याची कमावण्याची शक्ती २० टक्क्यांनी घटली असेल, तर वर्षाचे नुकसान ४०,३२०. त्याला १५ ने गुणले की ६,०४,८०० रुपये. ही झाली केवळ भावी कमाईची भरपाई. उपचाराचा खर्च, अंथरुणावर गेलेल्या महिन्यांची बुडालेली मजुरी, सोबत राहणाऱ्या माणसाचा आणि प्रवासाचा खर्च, सोसलेल्या वेदना, हे सर्व वेगळे. शिवाय त्यावर व्याज. आता या रकमेशेजारी व्हरांड्यातील वीस हजार रुपये ठेवून पाहावेत.

या गणितातील 'कमावण्याची शक्ती किती घटली' हा टप्पा सर्वांत वादाचा असतो. वैद्यकीय मंडळ प्रमाणपत्रावर जी टक्केवारी लिहिते ती शरीराची असते. पोटापाण्याच्या कामाची टक्केवारी वेगळी निघू शकते. २०१० साली राजकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक समजावून सांगितला. डावा हात गमावलेला माणूस वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडते. तोच माणूस सरकारी कचेरीत कारकून असेल तर त्याची नोकरी टिकूही शकते. हात दोघांचाही एकच गेला, पण नुकसान सारखे नाही. मामांच्या दाव्यात नेमका हाच मुद्दा आहे. विमा कंपनीचे म्हणणे, माणूस चालतो-फिरतो. आमच्या वकिलांचे म्हणणे, मिस्त्रीचे काम जमिनीवर चालण्याचे नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलावून 'हा माणूस परांचीवर चढू शकेल काय' हा प्रश्न विचारण्यात आला. निकाल अजून व्हायचा आहे.

मृत्यूच्या प्रकरणात हेच गणित थोडे बदलते. मृताचा स्वतःचा खर्च म्हणून काही हिस्सा वजा होतो: अवलंबून असणारे दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, अविवाहित असेल तर साधारणतः निम्मा.

सायकलस्वाराचा दोष असेल तर?

पेशीच्या दिवशी मामांना उलटतपासणीत पहिला प्रश्न विचारला गेला, "सायकलला दिवा होता काय?" दुसरा प्रश्न, "तुम्ही रस्त्याच्या मधून चालला होता, हे खरे काय?" या प्रश्नांमागे एक तत्त्व आहे. अपघातात जखमीचाही काही दोष असेल तर त्या प्रमाणात भरपाई कमी होते. न्यायाधिकरणाने सायकलस्वाराचा दोष चौथा हिस्सा धरला तर चार लाखांचे तीन लाख होतात. दावा मात्र समूळ नाहीसा होत नाही. "चूक थोडी आपलीही होती" या भावनेने जी माणसे घरी बसतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि दावा राहू द्या, जीव राखण्यासाठी तरी सायकलच्या मागच्या मडगार्डला लाल चकाकणारी पट्टी लावावी. ती फार थोड्या पैशात मिळते.

गाडी पळून गेली तर

धडक देऊन मोटार निघून गेली, नंबर कोणी पाहिला नाही, अशा वेळीही कायद्याने माणसाला वाऱ्यावर सोडलेले नाही. पूर्वी अशा प्रकरणी मृत्यूस २५,००० आणि जबर दुखापतीस १२,५०० रुपये मिळत. १ एप्रिल २०२२ पासून ती रक्कम अनुक्रमे दोन लाख आणि पन्नास हजार झाली आहे. यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी यांच्या दर्जाचा चौकशी अधिकारी अर्ज घेतो आणि जिल्हाधिकारी मंजुरी देतात. या योजनेचा फायदा फारच थोडे लोक घेतात हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये पोलिसांना आदेश दिला की, महिनाभरात गाडीचा तपास लागला नाही तर या योजनेची माहिती पीडिताला लेखी द्यावी.

वकील, फी आणि लोकअदालत

खर्चाचे भय हे कोर्टाची पायरी न चढण्याचे आणखी एक कारण. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा लागतो. आपल्या दर्यापूरच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन २५ जुलै २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. त्यांचे मूळ गाव दारापूर हे आपल्याच तालुक्यातील. देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत या मातीतला माणूस गेला, तर आपल्याला निदान तालुक्याच्या न्यायालयाची पायरी अनोळखी वाटू नये.

'मिळेल त्यातील इतके टक्के' अशी फी ठरवणे वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. कोणी तसा करार पुढे केला तर नाही म्हणण्यास संकोच करू नये.

लोकअदालतीत तडजोड लवकर होते आणि पैसेही लवकर मिळतात. पण तेथील निवाड्यावर अपील नाही. म्हणून वरचे गणित आधी घरी मांडून, आपला आकडा मनाशी ठरवूनच तेथे बसावे. न्यायाधिकरणाचा निकाल मान्य नसेल तर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी नागपूर खंडपीठात, अपील करता येते. वादातील रक्कम एक लाखाहून कमी असेल तर मात्र अपील नाही.

आपण काय करू शकतो

हे सर्व सोपे आहे असे मी म्हणणार नाही. पेशीला मामांची एक दिवसाची मजुरी बुडते, एस. टी.चे भाडे लागते, आणि कित्येकदा पुढील तारीख घेऊन परत यावे लागते. कायदा कागदावर जितका जलद आहे तितका व्यवहारात नाही. म्हण ज्यांनी रचली त्यांचा अनुभव खोटा नव्हता. परंतु एका तारखेचे भाडे आणि आयुष्यभराची घटलेली मजुरी ही दोन पारडी समोर ठेवली म्हणजे कोणते जड, हे सांगायला नको.

आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी खेड्यांतून येतात. घरात, आळीत शिकलेला म्हणून आपल्याकडे पाहिले जाते. कोणताही कागद आला की वाचायला आपल्यालाच हाक येते. अपघाताच्या दिवशी ही हाक येईल तेव्हा चार गोष्टी सांगता आल्या तरी पुरे: कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही नको, दवाखान्यात खरे कारण लिहून घ्या, ठाण्यातून खबरेची प्रत आणा, आणि सहा महिन्यांचा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एक संध्याकाळ गावाच्या पारावर बसून हे गणित लोकांना समजावून सांगितले, तर त्या श्रमदानाचे मोलही कमी ठरणार नाही.